दोनदा उरकलेलं घड्याळ

बाईंनी डाव्या हाताने उजव्या मनगटाचा पट्टा सोडवला, घड्याळ काउंटरच्या काचेवर ठेवलं आणि लगेच पुन्हा उचलून मुठीत धरलं.

"बंद नाही पडलं हो," त्या म्हणाल्या. "उलट धावतंय. काल मी उठून, आंघोळ करून, केस विंचरून बसले आणि खिडकी उघडली तर बाहेर मिट्ट काळोख. पाऊण तास पुढे होतं मेलं."

"द्या इकडे."

घड्याळजींनी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक एकात एक गुंतलेली होती, शाळेत उशीर झालेल्या पोराने जिने उतरावेत तशी. त्यांना झाकण उघडायचीही गरज नव्हती. आत हेअरस्प्रिंग असते, केसाहून बारीक, गोल गोल वेढ्यांची. तिच्या दोन वेढ्यांना कुठून तरी तेल लागलं की ते एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग तेवढी आखूड होते आणि घड्याळ सुसाट सुटतं. पंचेचाळीस वर्षं याच कामात गेलेल्या माणसाला हे कानाने कळायला हवंच, आणि घड्याळजींना ते कळतं याची घड्याळजींना पुरेपूर जाणीव होती.

"तेल लागलंय आत. होईल. कुणाचं म्हणून लिहू?"

"ह्यांचंच. चित्रकलेचे मास्तर. ओळखत असाल तुम्ही, पूर्वी इथेच यायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

घड्याळजींनी मान हलवली. न ओळखायला काय झालं! मास्तर त्यांच्या दुकानात शेवटचे आले त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्यानंतर मास्तर रस्त्यात समोरून दिसले की घड्याळजींना पलीकडच्या फुटपाथवरचं काहीतरी हटकून बघावंसं वाटायचं. त्यांनी पावती पुढे ओढली आणि गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून विचारलं,

"उजव्या हातात घालता घड्याळ?"

"हे घालायचे तसंच. डावरे होते ना! फळ्यावर डाव्या हाताने काढायचे, ताट वाढून घ्यायचे डाव्या हाताने, घड्याळ आपलं उजव्याला. हे गेल्यावर मी घालायला लागले ते तसंच. तेवढीच आपली..." बाई थांबल्या आणि हसल्या. "पट्टा लावताना तेवढी पंचाईत होते."

घड्याळजींचं पेन पावतीवर होतं तिथेच राहिलं.

"कधी येऊ?" बाईंनी विचारलं.

"अं? पुढच्या सोमवारी. सोमवारी या."

बाई गेल्या. पावतीवर नुसतं 'चित्रकलेचे मास्तर' एवढंच लिहिलेलं राहिलं, ना तारीख, ना सही. पावतीत खाडाखोडसुद्धा न चालणारा माणूस तो, पण त्या दिवशी त्याचं तिकडे लक्षच गेलं नाही. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पाठीमागचं झाकण उघडलं आणि घड्याळाकडे न बघता झाकणच उताणं करून दिव्याखाली धरलं.

घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्त करणारे आपापली खूण कोरून ठेवतात. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. कुणी तारीख लिहितं, कुणी नावाचं अक्षर, कुणी नुसती रेघ. या झाकणावर सहा-सात खुणा होत्या. खालच्या चार परक्या, म्हणजे मास्तरांनी नंतर दुसरं दुकान धरलं होतं. त्यांच्या वर एक तारीख, सव्वीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्या शेजारी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत:

उ. १८ पुढे. उ.

अक्षर काडीचं होतं.

काडी म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी इतकी वाळकी होती की आईने हाक मारायला ठेवलेलं नाव तिला बिलगलं ते कायमचं. आता अठ्ठेचाळिशीच्या बाईला काडी म्हणावं असं अंगात काही उरलं नव्हतं, पण घड्याळजींच्या तोंडात दुसरं नाव बसत नव्हतं. ती बाविशीची होती तेव्हा याच दुकानात, खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर बसायची. हात असा की बॅलन्सचं, म्हणजे मागेपुढे झोके घेणारं नाजूक चाक चिमट्यात धरून ती शिंकली असती तरी चाक हललं नसतं. हे घड्याळजींनी तेव्हाही पाहिलं होतं. तिला मात्र बोलून कधी दाखवलं नव्हतं, कारण पोरं स्तुतीने शेफारतात असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी.

झाकणात 'उ' लिहायची पद्धत घड्याळजींची. काम झालं की तारीख आणि उ. उ म्हणजे उरकलं. ही पद्धत त्यांनी स्वतः काढली होती आणि तिचा त्यांना कोण अभिमान! काडीने ती पहिल्या दिवसापासून पाळली.

मास्तरांचं घड्याळ तिने साफ करून, तेलपाणी करून, वेळ लावून पूर्ण केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती चौघं कुठे उभी होती तेसुद्धा घड्याळजींना आज आठवत होतं. नियमाप्रमाणे त्यांनी घड्याळ तपासलं. आदल्या दिवसापासून टेबलावर आडवं ठेवलेलं ते चोवीस तासांत अठरा सेकंद पुढे गेलं होतं. मग झाकण पाहिलं, आणि त्यांना हसू आलं.

"हे बघा," ते गिऱ्हाइकांना म्हणाले होते. "अठरा सेकंद पुढे, आणि त्यावर उरकलं म्हणून दोनदा लिहिलंय. एकदा उरकून पोट भरलं नाही वाटतं बाईसाहेबांचं!"

गिऱ्हाइकं हसली.

"बाबा, तो पहिला उ वेगळा आहे. ऐका तरी, ते मास्तर..."

"उ तो उ. वेगळा म्हणजे काय, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ?"

पुन्हा हशा. ऱ्हस्व-दीर्घाचा विनोद साधला म्हणून घड्याळजी स्वतःवरच खूश झाले आणि त्या खुशीतच त्यांनी घड्याळ उघडून आतली रेग्युलेटरची पट्टी केसभर मागे सरकवली. ही पट्टी हेअरस्प्रिंगला एका जागी धरून ठेवते. एका बाजूला सरकवली की झोके घेणारी स्प्रिंग आखूड होते, घड्याळ पुढे जातं. दुसऱ्या बाजूला सरकवली की लांब होते, मागे पडतं. केसभर म्हणजे खरंच केसभर. अठराचा शून्य झाला. मास्तर संध्याकाळी येऊन घड्याळ घेऊन गेले.

महिन्याने ते परत आले तेव्हा घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. मास्तरांचा स्वभाव गरीब. तक्रार करतानाही त्यांनी आधी आपलीच चूक असेल असं म्हणून पाहिलं. मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले होते, असं ते शरमून सांगत होते. दुकान त्या दिवशीही भरलेलं होतं. आणि घड्याळजी म्हणाले,

"मुलीने केलं होतं ते. नवशिकी आहे. यापुढे तुमचं घड्याळ तिच्या हातात जाणार नाही."

"अहो, ती माझी विद्यार्थिनी," मास्तर म्हणाले. "तिचा हात चांगला आहे हो."

"चित्रात असेल."

काडी तीन हातांवर बसली होती. तिने मान वर केली नाही. पुढ्यातल्या कामावर काचेचं झाकण ठेवलं, चिमटा पुसला, जागेवर ठेवला आणि जिन्याने वर घरात गेली. दुसऱ्या दिवशी ती खाली आली नाही. घड्याळजी बायकोला म्हणाले, "रुसलीय. येईल दोन दिवसांत." महिन्याभरात तिने एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तिथेही चष्म्याच्याच दुकानात, दांड्यांचे स्क्रू बसवत.

दोन दोन महिन्यांनी ती यायची, अजूनही येते. वडिलांची औषधं बघते, फ्रिज पुसते, जुने पेपर रद्दीला काढते. बोलते, हसते, चिडत नाही. पण दुकानात येत नाही. दुकानाच्या शेजारून जिना आहे, त्याने सरळ वर जाते. सुरुवातीला घड्याळजी एखादं दुर्मीळ घड्याळ आलं की खालून हाक मारायचे, "काडी, बघायला ये गं." वरून उत्तर यायचं, "वर घेऊन या ना, बाबा." ते कधी वर घेऊन गेले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. बायको होती तोवर तिच्या निरोपांवर भागत होतं. ती गेल्यावर दोघांत बोलायला औषधं आणि हवा एवढेच विषय उरले. ती एकदा, नुसती एकदा, उंबरा ओलांडून आत यावी आणि त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसावी, एवढं एकच घड्याळजींना आता हवं होतं. ते टेबल त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. त्यावर रिकाम्या डब्या ठेवल्या होत्या, कुणी विचारलंच तर कारण असावं म्हणून.

पट्टी आपण हलवली होती आणि नाव तिचं सांगितलं, हे त्यांना सव्वीस वर्षं ठाऊक होतं. पण मनाची समजूत घालायला माणसाला काडीचा आधार पुरतो. मूळ चूक तिचीच, आपण निस्तरायला गेलो आणि ती पुरती निस्तरली नाही इतकंच, असं ते स्वतःला सांगत आले होते.

आता झाकण हातात होतं आणि 'उ' कडे बघता बघता त्यांना अक्षर उलगडत गेलं.

उजवा.

उजवा हात. आडवं ठेवल्यास अठरा पुढे. उरकलं.

घड्याळजी उठले आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आले.

शंभरातली नव्याण्णव माणसं घड्याळ डाव्या मनगटावर बांधतात. डाव्या हातात चावी, ती बाजूची पिळायची गुंडी, बोटांच्या बाजूला येते, म्हणून हात खाली सोडला की चावी जमिनीकडे. घड्याळजी प्रत्येक घड्याळ आडवं तपासायचे, आणि फार तर चावी खाली करून उभं. डावऱ्या माणसाचं उलटं. त्याच्या उजव्या मनगटावर चावी कोपराकडे येते, आणि हात सोडला की चावी वर. बॅलन्सचं चाक कितीही नीट केलं तरी कुठेतरी कणभर जड राहतंच, आणि ती जड बाजू वर आहे की खाली यावर घड्याळाची चाल ठरते. मास्तर शाळेत उभे राहायचे दिवसभर, उजवा हात बाजूला सोडून. काडी चार वर्षं त्यांच्या वर्गात बसली होती. तिला ते घड्याळ कुठे असतं, कसं लोंबतं, हे ठाऊक होतं. घड्याळजींनी त्या माणसाला फक्त काउंटरपलीकडे पाहिलं होतं, घड्याळ काढून दिल्यावर.

त्या दिवशी त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. हेअरस्प्रिंग पेट्रोलमध्ये बुडवून साफ केली, वेढे सुटे झाले, घड्याळ शुद्धीवर आलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक यंत्र घेतलं होतं, घड्याळाची टिकटिक ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे हे आकड्यात सांगायचं. त्यांनी घड्याळ त्यावर आडवं ठेवलं आणि पट्टी हलवत अठरा पुढेवर आणायला बसले. हात पूर्वीचा राहिला नव्हता. पट्टी चाळीसवर जायची, मागे आणावी तर पाचवर. सहाव्या प्रयत्नाला अठरा आले. मग त्यांनी घड्याळ उभं केलं, चावी वर.

वीस मागे.

रात्री मास्तर घड्याळ काढून टेबलावर ठेवणार, ते थोडं पुढे जाणार. दिवसा हातावर ते तितकंच मागे येणार. सकाळी शाळेची घंटा होईल तेव्हा घड्याळ बरोबर. पोरीने घड्याळ लावलं नव्हतं, माणूस लावला होता. आणि आपण तो टेबलावर आडवा पाडून मोजला आणि चुकीचा म्हणून दुरुस्त केला!

त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज, राग, आणि या दोहोंच्या खाली कुठेतरी एक अभिमानही, की काय पोर होती! तो अभिमान आता त्यांच्या काही कामाचा नव्हता.

तरी खात्री करायची म्हणून पुढचे चार दिवस त्यांनी ते घड्याळ स्वतःच्या उजव्या मनगटावर घातलं. पट्टा लावताना दातांची मदत घ्यावी लागायची. दुकानात ते मुद्दाम उभे राहून, हात सोडून गिऱ्हाइकांशी बोलायला लागले. शेजारचा चांभार दोन दिवस बघत होता. शेवटी म्हणाला, "काय हो, हात आखडलाय का?"

"नाही. तपासतोय."

"हात?"

"घड्याळ."

"बरं बरं," चांभार म्हणाला, आणि त्याने आपल्या बायकोला काय सांगितलं असेल ते घड्याळजींना न ऐकताच कळलं.

चार दिवसांत घड्याळ एकूण तीन सेकंद चुकलं. शनिवारी दुपारी त्यांनी काडीला फोन लावला.

"उद्या येतेस का?"

"उद्या? काय झालं? चक्कर आली का परत? बाबा, खरं सांगा."

"नाही गं. ठणठणीत आहे. तू ये."

"ठणठणीत माणूस असा फोन करतो का? गोळ्या घेतल्या आज?"

"घेतल्या. ये तू."

रात्रभर ते वाक्यं जुळवत राहिले. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. आधी झाकण दाखवायचं की आधी बोलायचं? ती रडेल, असं त्यांना वाटत होतं. आपणही कदाचित. मग ती ते टेबल बघेल. टेबलावरच्या डब्या त्यांनी पहाटेच उठून हलवल्या, फडक्याने पुसून घेतलं, स्टूल ओढून ठेवलं आणि मग ते फारच मुद्दाम ठेवल्यासारखं दिसलं म्हणून थोडं तिरकं केलं.

काडी अकराच्या बसने आली. रविवार, दुकान बंद. शटर अर्धं वर होतं आणि घड्याळजी आत उभे होते. ती जिन्याकडे वळली तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"इकडे ये जरा."

ती शटरखालून वाकून बघायला लागली. "पडलात का तुम्ही?"

"नाही. आत ये. एक मिनिट."

ती आत आली. इतक्या सहज आली की घड्याळजींना धक्काच बसला. सव्वीस वर्षं त्या उंबऱ्यावर काहीतरी मोठं आडवं पडलं आहे असं ते समजत होते, आणि ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, चपला न काढता आत आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, दिव्यावर बोट फिरवलं, बोटाची धूळ ओढणीला पुसली.

"चेहरा तर बरा आहे," ती म्हणाली. "मग कशाला बोलावलं?"

घड्याळजींनी झाकण आणि भिंग तिच्यापुढे धरलं. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"हे बघ. हा पहिला उ."

तिने भिंग डोळ्याला लावलं. ते लावताना तिला क्षणभरही अडखळावं लागलं नाही. झाकण थोडं कलतं केलं, दिव्याचा उजेड अक्षरांत आडवा घेतला.

"माझं अक्षर," ती म्हणाली. "उ, अठरा पुढे, उ. काय आहे हे?"

"उजवा. उजवा हात. मास्तर डावरे होते. तू चावी वर धरून लावलं होतंस. मी यंत्रावर तपासलं, बरोबर निघालं. चार दिवस हातात घातलं. तीन सेकंद." ते भराभर बोलत होते. "तू बरोबर होतीस. मी पट्टी हलवली. ते नऊ मिनिटं मागे पडलं ते माझ्यामुळे. आणि मी सगळ्यांदेखत तुझं नाव सांगितलं. मी चुकलो, काडी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. बायकोलाही नाही. म्हटल्यावर ते काउंटरची कड धरून उभे राहिले आणि वाट बघू लागले.

काडीने भिंग उतरवलं. ती त्यांच्याकडे बघत होती, जरा गोंधळून, एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने भलत्याच चष्म्याची पावती पुढे केल्यावर बघावं तशी.

"चित्रकलेचे मास्तर," ती हळू म्हणाली. "आमचे. हो, असेल. त्यांचं घड्याळ आलं होतं का आपल्याकडे?"

"असेल काय? तुला आठवत नाही?"

"नाही हो, बाबा."

"असं कसं? चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, दोनदा उरकलंय. सगळे हसले. तू म्हणालीस, तो उ वेगळा आहे. याच घड्याळावरून तर तू उठून वर गेलीस! परत बसली नाहीस!"

"याच्यावरून?"

तिने पिशवी खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवली. रागावली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं, असं घड्याळजींना वाटून गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "एकच घड्याळ असतं, तर मी कशाला गेले असते?"

चार दिवस जे घड्याळ घड्याळजी हातावर वागवत होते, ज्याच्यामुळे सव्वीस वर्षांचा गुंता सुटणार होता, ते तिला आठवतसुद्धा नव्हतं. त्यांना आठवत होतं, कारण त्यांना तेवढं एकच खटकलं होतं. बाकीची त्यांनी मोजलीच नव्हती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या आता. चहा टाकू वर? तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

"किती होती?"

"बाबा, झालं गेलं ते."

"सांग."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हाताला लागलं ते स्टूल ओढून ती बसली. खिडकीजवळच्या टेबलाकडे पाठ होती तिची, आणि तिकडे लक्षही नव्हतं.

"दवाखान्यातलं गजराचं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, स्प्रिंग मी वाकवली. ती वाकलेलीच आली होती. मी झाकणात लिहिलंही होतं. तुम्ही ते न वाचताच डॉक्टरांना फोन केलात, मी समोर उभी असताना."

घड्याळजींना दवाखान्यातलं गजराचं घड्याळ आठवेना. त्यांनी मान हलवली.

"मग त्या वकिलीणबाईंचं, सोनेरी पट्ट्याचं. मी विचारलं होतं, बाई घड्याळ रात्री कसं ठेवतात ते विचारू का? तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकाला असले प्रश्न विचारले तर लोक आपल्याला अडाणी समजतील. आणि त्या गेल्यावर आठवडाभर तुम्ही जेवताना आईला तेच सांगत होतात. विचारू का म्हणते, विचारू का म्हणते. माझी नक्कल करून. आई हसायची नाही, पण तुम्ही करायचात."

तिचा आवाज वर गेला नव्हता. खाली गेला होता.

"हं," घड्याळजी म्हणाले.

"तिसरं ते खिशातलं, साखळीचं. ते तर तुम्हाला आठवत असेल. त्याचा बॅलन्सचा दांडा मोडला म्हणून तुम्ही मला तीन महिने चिमटासुद्धा लावू दिला नाहीत कशाला. तो मी मोडला नव्हता, बाबा. उघडलं तेव्हाच मोडलेला होता."

ते घड्याळ मात्र घड्याळजींना लख्ख आठवत होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः ते उघडलं होतं, भिंगातून पाहिलं होतं. दांडा धडधाकट होता, आरशासारखा चकचकीत. सकाळी काडीच्या टेबलावर तो मोडलेला निघाला. त्या एका घड्याळात चूक तिचीच होती. शंभर टक्के. याची शपथ घ्यायला ते तयार होते.

'पण' अगदी ओठांवर आलं. तोंड उघडलंसुद्धा होतं त्यांनी.

काडी थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

घड्याळजींनी तोंड मिटलं. दुसरं स्टूल पुढे ओढून ते तिच्यासमोर बसले.

"पुढचं?" ते म्हणाले.